पाचवीचं पेन

मंगळवार, तारीख सव्वीस, सकाळचे सव्वाअकरा. जागा, महापालिकेच्या विभाग कार्यालयाबाहेरचं नोटरीचं टेबल. रक्कम चारशे रुपये, दोन प्रतिज्ञापत्रांची, माझ्या पर्समधून. हजर होते ते असे: वैशाली आणि तिचा नवरा प्रमोद, वैशालीचा भाऊ दिनेश आणि त्याची बायको हेमलता, वैशाली-दिनेशची आई यमुनाबाई, आणि तेवीस दिवसांची एक मुलगी, जिच्यासाठी आम्ही सगळे जमलो होतो. सातवी मी. चूक माझी होती, म्हणून पैसेही माझे. हॉस्पिटलच्या मॅनेजरांनी किरकोळ खर्चातून देऊ केले होते, मी नको म्हटलं.

इथे मी सगळ्यांची नावं बदलली आहेत. आकडे बदललेले नाहीत.

नेरूळमधल्या एका खासगी प्रसूतिगृहात मी चोवीस वर्षं रेकॉर्ड सांभाळते. लोकांना वाटतं, हॉस्पिटलात बाळ जन्मलं की दाखला आपोआप तयार होतो. तसं नसतं. आधी हॉस्पिटलने जन्माची माहिती एका ठरावीक फॉर्ममध्ये भरून निबंधकाकडे पाठवायची असते. बाळाची जन्मतारीख, मुलगा की मुलगी, आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता. हे वरच्या भागात. खालच्या भागात सरकारला मोजणीसाठी लागणारी माहिती, म्हणजे आईचं शिक्षण, वय, प्रसूती कशी झाली, बाळाचं वजन, आणि या बाळाला धरून आईला आतापर्यंत किती जिवंत मुलं झाली. पूर्वी हे कागदावर भरायचो, आता कॉम्प्युटरवर. मुदत एकवीस दिवसांची. माझा फॉर्म सहसा तिसऱ्या दिवशी गेलेला असतो. चोवीस वर्षांत एकदाही उशिराचा दंड भरलेला नाही, हे मी न विचारताही सांगते. घरच्यांना ते पाठ आहे.

माझ्या रेकॉर्डच्या खिडकीवर माणसं काय काय मागतात ते सांगितलं तर खोटं वाटेल. एका आजोबांना नातवाची जन्मवेळ अकरा मिनिटं अलीकडे हवी होती. पत्रिकेत काहीतरी वाईट येत होतं म्हणे. मी म्हटलं, आजोबा, त्या अकरा मिनिटांपूर्वी तो जन्मलेला नव्हता. ते म्हणाले, "तुमच्या घड्याळावर एवढा भरवसा?" मी म्हटलं, घड्याळ लेबर रूमचं आहे, माझं नाही. एका वडिलांना तारीख तीन दिवसांनी मागे न्यायची होती, शाळेच्या प्रवेशासाठी. बाळ चोवीस तासांचं, आणि हे शाळेत पोचले होते. अशांना नकार देणं सोपं असतं. लोक रागावतात, मग पेढे देऊन जातात.

एक नकार मात्र सोपा नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वीचा. दोन सख्ख्या बहिणी. धाकटी बाळंतपणाला आली, पण केसपेपर मोठीच्या नावाने काढला, ओळखपत्रही मोठीचं दिलं. मोठीला मूल नव्हतं. घरात ठरलं होतं की बाळ तिला द्यायचं, आणि दाखलाच तिच्या नावाचा निघाला म्हणजे पुढे कोर्टकचेरी नको. मला ते रक्तगटावरून कळलं. मोठी चार वर्षांपूर्वी आमच्याकडेच एका ऑपरेशनला आली होती, तेव्हाचा कागद माझ्या कपाटात होता. रक्तगट बी होता. आता पलंगावर त्याच नावाची बाई होती आणि तिचा ओ. मी फॉर्म अडवला. दोघी माझ्यासमोर रडल्या. धाकटी म्हणाली, "मॅडम, मी माझ्या हाताने देतेय, तुमचं काय जातंय?" माझं काहीच जात नव्हतं. पण उद्या ते मूल आईच्या नावाचा दाखला घेऊन जगात वावरणार, आणि तो खोटा असणार. शेवटी त्यांनी दत्तकाचा रीतसर मार्ग धरला. वेळ लागला, पण झालं. आजही मी तेच करीन.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. आई कोण, हे नातेवाइकांच्या तोंडून ऐकायचं नाही. जी पलंगावर आहे, जिच्या पोटावर टाके आहेत, ती आई. तिच्या ओळखपत्रावरचं नाव लिहायचं. हा नियम इतकी वर्षं चुकला नाही. मग कायदा बदलला आणि माझा नियम तिथेच राहिला.

सरोगसीचा कायदा मी वाचला होता. आमच्याकडे तशी बाळंतपणं होत नव्हती, तरी परिपत्रक आलं की मी वाचून फाइलला लावते. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी पोटात मूल वाढवायला आता बंदी आहे. जी बाई गर्भ वाढवते तिला दवाखान्याचा खर्च आणि छत्तीस महिन्यांचा विमा, याखेरीज काही द्यायचं नाही. तिचं लग्न झालेलं हवं, स्वतःचं मूल हवं, वय पंचवीस ते पस्तीस, आणि आयुष्यात हे एकदाच. गर्भ राहण्याआधीच नवरा-बायकोने आणि त्या बाईने मिळून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. मूल कोणाचं आणि ताबा कोणाकडे, याचा हुकूम घ्यायचा. बाळ जन्मलं की तोच हुकूम जन्माच्या प्रतिज्ञापत्रासारखा धरतात. म्हणजे पलंगावर एक बाई असते आणि फॉर्ममध्ये आईच्या रकान्यात दुसरी, आणि ते खोटं नसतं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हाताला सवय असणं वेगळं.

तीन तारखेला, रविवारी, सारसोळ्याची हेमलता आमच्याकडे दाखल झाली. बाळंतपण ठरलं होतं वाशीच्या हॉस्पिटलात, पण पस्तिसाव्या आठवड्यातच रक्तदाब वाढला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि घरच्यांनी जवळचं म्हणून आमच्याकडे आणलं. दिनेशने नवरा म्हणून सह्या केल्या. तासाभरात सिझेरियन झालं. मुलगी, एक किलो नऊशे ग्रॅम. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पायाला पट्टी बांधली, 'बेबी ऑफ हेमलता'. आमच्याकडे पट्टीवर बाळंतिणीचंच नाव असतं. केसपेपरवर घाईत एवढंच लिहिलेलं होतं की गर्भ आयव्हीएफचा आहे आणि आधीचं एक बाळंतपण झालेलं आहे.

सोमवारी मी कामावर आले तर खिडकीशी वैशाली उभी. पस्तिशीच्या पुढची, रबाळ्याच्या एका कंपनीत हिशेब बघणारी, घर सीवूड्सला. तिने नीट सांगितलं. आठ वर्षांपूर्वी आजारामुळे तिचं गर्भाशय काढावं लागलं. बाळ तिचं आणि प्रमोदचं, वाढवलं वहिनीने. कोर्टाचा हुकूम झालेला आहे. कुठे आहे, विचारलं तर म्हणाली, आयव्हीएफ क्लिनिकच्या फाइलमध्ये, आणि क्लिनिकची जागा बदलणं चालू आहे, सगळी कपाटं खोक्यांत भरलेली. वकील गावी गेलेले, फोन लागत नाही. तिच्या मोबाइलवर पहिल्या पानाचा फोटो होता. मी तो पाहिला. पहिल्या पानावर अर्ज कोणी केला ते असतं. हुकूम काय झाला ते शेवटच्या पानावर असतं. अर्ज तर कोणीही करतं. तसं मी तिला सांगितलं.

तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मीपण कागदाचंच काम करते. तुम्ही बरोबर बोलताय. पण थांबाल ना?"

आमच्या मोठ्या डॉक्टर, त्यांना सगळे बाईच म्हणतात, त्यांनीही मला बोलावून तेच सांगितलं. कागद येतील, एकवीस दिवस आहेत, घाई करू नका. मी हो म्हटलं आणि सोमवार, मंगळवार, बुधवार थांबले. माझ्या टेबलावर एक फॉर्म तीन दिवस पडून होता, आणि तो मला दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा टोचत होता.

गुरुवार, तारीख सात. बाळाचा पाचवा दिवस. दुपारी यमुनाबाई खिडकीशी आल्या. साठीच्या पुढच्या, कासोटा घातलेलं लुगडं, कानात जुन्या घडणीचं सोनं. आयुष्य मासळीबाजारात गेलेलं, त्यामुळे समोरच्याला बोलू न देता व्यवहार संपवायची सवय.

"मॅडम, एक कोरा कागद द्या. न् पेन द्या, चांगलं चालनारं."

मी विचारलं कशाला. तर पाचवीला. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आमच्याकडे सातारच्या बाजूलाही हे करतात, मला नवं नव्हतं. मी प्रिंटरमधला एक कागद आणि माझं निळं पेन दिलं. दहा रुपयांचं. परत आणून द्या, म्हटलं. त्या म्हणाल्या, "सटवाईचं लिवून झालं की देतो."

संध्याकाळी पाचला, घरी निघण्याआधी, मी पेन आणायला वर गेले. बाईंनी आवाज न करण्याच्या अटीवर पूजेला परवानगी दिली होती. खोलीत पाट मांडलेला, त्यावर तांदूळ, नारळ, हळद-कुंकू, माझा कागद आणि माझं पेन. पलंगाच्या कडेला हेमलता बसली होती. पोटाला पट्टा, डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू. यमुनाबाई तिची ओटी भरत होत्या. खोलीत वैशाली नव्हती.

नर्सने सहज विचारलं, आजी, पूजेला बाळाच्या आईने बसायचं असतं ना? यमुनाबाई वळूनही न बघता म्हणाल्या, "मंग बसलीय ना. जिचं पोट चिरलं ती बसनार. दुसरी कोन बसनार?"

मी पेन न मागता खाली आले. माझ्या डोक्यात त्या दोन बहिणी उभ्या राहिल्या. वाटलं, तेच परत. लोकांसमोर एक आई, सटवाईसमोर दुसरी. सटवाईशी कोणी खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ते माझ्याशी. हुकूम असता तर एव्हाना आला असता. फोटो पहिल्याच पानाचा का? शेवटच्या पानाचा का नाही? असा हिशेब मी पायऱ्या उतरता उतरता पुरा केला. मी हिशेबात सहसा चुकत नाही, म्हणून तो परत तपासलाही नाही.

शुक्रवारी सकाळी मी फॉर्म भरला. आई, हेमलता. वडील, दिनेश. या बाळाला धरून आईला झालेली जिवंत मुलं, दोन. आणि पाठवला. बाईंना विचारलं नाही. सोमवारी, अकरा तारखेला, नोंद झाल्याचा क्रमांक आला. मी तो नेहमीप्रमाणे रजिस्टरात उतरवला आणि बरं वाटलं.

बुधवारी नर्सचा फोन आला. बाळाचं रक्त कमी झालं होतं, बाहेरून रक्त द्यायचं होतं, संमतीवर आईची सही हवी. हेमलता शनिवारीच घरी गेली होती. वैशाली दारातच उभी होती. रोज सकाळी आठपासून ती त्या काचेसमोर असायची. नर्सने विचारलं, मॅडम, सही कोणाची घेऊ? मी रजिस्टर बघून सांगितलं, रेकॉर्डप्रमाणे हेमलता.

पुढची चाळीस मिनिटं मला नर्सने नंतर सांगितली. वैशालीने हातात घेतलेलं पेन खाली ठेवलं. वाद घातला नाही. भावाला फोन केला, वहिनीला घेऊन ये. दिनेशने ओल्या टाक्यांच्या बायकोला रिक्षात बसवून आणलं. हेमलताने कागद वाचला, सही केली, आणि तो वैशालीच्या हातात देत म्हणाली, "ताई, घ्या. मी नुसतं नाव लिवलंय." वैशाली तोवर रडली नव्हती. तेव्हा रडली.

बाळाला रक्त चढलं, बाळ ठीक राहिलं. पण चाळीस मिनिटं ते रक्त थांबलं होतं, माझ्या नोंदीमुळे. बाई नंतर म्हणाल्या, वाट बघायला सवड होती, म्हणूनच नर्स थांबली. नसती तर सहीवाचूनच दिलं असतं. तेही खरं असेल. तरी हा आकडा मी विसरलेली नाही.

गुरुवारी, चौदा तारखेला, प्रमोदने हुकूम आणला. खोकी उघडून त्याने स्वतः शोधला होता, बाहीला धूळ तशीच. सहा पानं. मी शेवटचं पान आधी वाचलं. मूल वैशाली आणि प्रमोद यांचं, ताबा त्यांचा, हेमलताचा कोणताही हक्क राहणार नाही. खाली सही, शिक्का, तारीख. ती तारीख गर्भ राहण्याच्याही आधीची. म्हणजे मुलगी कोणाच्याही पोटात नव्हती तेव्हा तिचे आईबाप ठरले होते, आणि ती जन्मून पाच दिवस झाल्यावर मी ते बदलले होते.

पहिल्या पानाचाच फोटो का, तेही मी विचारलं. प्रमोद म्हणाला, "वैशालीने काढला होता, पहिल्या दिवशी. अर्जावर दोघांची नावं छापून आली म्हणून. हुकूम होईल याची तेव्हा गॅरंटी कुठे होती?"

मी बाईंकडे गेले आणि जे झालं ते क्रमाने सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "तुम्ही तुमचा नियम पाळलात. माझं ऐकलं नाहीत." चोवीस वर्षांत मला मिळालेला हा एकच ठपका, आणि तो तोंडी. लेखी मिळाला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी नर्सने बाळाच्या पायाची पट्टी कापून नवीन बांधली, 'बेबी ऑफ वैशाली'. ते आमच्या हातात होतं. दाखला आमच्या हातात राहिलेला नव्हता. एकदा नोंद झाली की ती बदलायला निबंधकाकडे जावं लागतं, आणि आईचं नाव बदलणं म्हणजे स्पेलिंग सुधारणं नव्हे. हुकमाची प्रत, हॉस्पिटलने चूक कबूल केल्याचं पत्र, आणि ज्यांना खरी हकीकत माहीत आहे अशा दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं. पत्र मी लिहिलं. त्यात 'अनवधानाने' असा शब्द मॅनेजरांनी सुचवला होता. मी तो घातला नाही. अनवधान नव्हतंच. मी पूर्ण लक्ष देऊन चुकले होते.

इकडे वैशालीची बाळंतपणाची रजा अडकली होती. कंपनीला तिच्या नावाचा दाखला हवा होता. तोवर बिनपगारी. हे तिने मला सांगितलं नाही, प्रमोदकडून कळलं.

तर सव्वीस तारीख. प्रतिज्ञापत्रं कोणाची करायची तर हेमलताचं आणि यमुनाबाईंचं. नोटरी वयस्कर, चष्मा कपाळावर. यमुनाबाईंचा मजकूर वाचून दाखवण्याआधी त्यांनी रीत म्हणून विचारलं, आजी, बाळ कोणाचं?

"माजं," यमुनाबाई म्हणाल्या.

तसं नाही आजी, आई कोण.

"लेकीचं हाय, सुनेनं दिलंय. नात माजीच, हिकडून बी न् तिकडून बी. आता कसं लिवायचं ते तुमी बगा, तुमी शिकलेले."

नोटरींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, या बाईंनी एका वाक्यात सांगितलं, त्याला आपण दीड पान लावलंय.

मग मी त्यांना विचारलं. तेवढं विचारल्याशिवाय मला राहवेना. आजी, पाचवीला मग वैशालीला का नाही बसवलं?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ताज्या बोंबलाला शिळा म्हटलं होतं. "सटवाईला काय कोर्टाचा कागद दाकवनार? तिला कलतं ते अंगावरचं. नऊ महिने जिनं काडले तिची ओटी रिकामी ठेवून कसं चालंल? न् वैशालीला कोन काय बोललं? नारल तिनंच आनला, पाट तिनंच मांडला. बालाला दूध घालायची येल झाली म्हनून गेली काचंकडं."

म्हणजे मी दारात पोचण्याआधी पाच-दहा मिनिटं वैशाली त्याच खोलीत पाट मांडत होती. मी एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. पण नातेवाइकांच्या तोंडून ऐकायचं नाही, हा माझा नियम.

आत निबंधकांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी कागद तपासले, हुकूम शेवटच्या पानापासून वाचला, तेव्हा मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मग वैशालीने तो प्रश्न विचारला जो मी बारा दिवस टाळत होते. आधीची नोंद खोडली जाईल ना?

निबंधक म्हणाले, नाही. मूळ नोंद कायद्याने खोडता येत नाही. ती जशी आहे तशी राहते आणि दुरुस्ती तिच्या समासात लिहितात, तारीख घालून, सही करून. दाखल्यावर फक्त दुरुस्त नावं येतील. पण मूळ नोंद कायम राहील.

 इतके महिने वैशालीने एकच गोष्ट धरून ठेवली होती, की कागदावर तरी कुठे शंकेला जागा नको. आणि मी ती जागा कायमची करून ठेवली होती. माफी मागायची तर काय शब्दांत मागायची, हे मी घरून ठरवून आले होते. ते सगळे शब्द त्या वेळी निरुपयोगी वाटले. मी नुसतं म्हटलं, वैशाली, हे माझ्यामुळे झालं.

तिने मुलीचं टोपडं सारखं केलं. मग हेमलताकडे बघून म्हणाली, "राहू दे वहिनी. तुझं नाव तिच्या कागदावर कुठेच नसतं, तेही मला नीट वाटत नव्हतं."

हेमलता मुळात कमी बोलणारी. ती म्हणाली, "कोर्टात साहेबांनी विचारलेलं, हक्क सोडताय, कळतंय ना? मी म्हटलं, मामीचा असतो तेवढा राहू दे." आणि हसली. "समासात तर समासात."

पण समासात तिचं नाव नाही, समासात वैशालीचं आहे. मूळ ओळीत हेमलता. ते मी तिला सांगितलं नाही. आकड्यांच्या माणसालाही कधी कधी थांबता येतं.

फॉर्मचा खालचा भाग, तो मोजणीचा, त्याचं काय, हेही मी निबंधकांना विचारलं. तो केव्हाच पुढे गेला, त्यात काही बदलत नाही, असं ते म्हणाले. म्हणजे 'आईला झालेली जिवंत मुलं, दोन' हे राज्याच्या बेरजेत मिसळलं. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी वेळेवर, बरोबर फॉर्म भरला असता तर तिथे वैशालीच्या नावावर 'एक' लिहावं लागलं असतं. प्रसूतीचा प्रकार, सिझेरियन, हेही तिच्याच नावावर, जिच्या पोटावर या बाळाचा एकही टाका नाही. रकाना एकच, आणि त्याला दोन बाया लागतात. आई कोण, याला कायद्याने उत्तर दिलं आहे आणि ते मला पटतं. जिने मूल मागितलं, कोर्टापुढे उभी राहिली आणि जन्मभर सांभाळणार आहे, ती आई. पण किती बाळंतपणं झाली, याचं उत्तर कायदा देत नाही. ते अंगच देतं. यमुनाबाईंनी एक आई सटवाईला सांगितली आणि एक नोटरीला, आणि दोन्हीकडे खरं सांगितलं. मला तेवढं जमलं नव्हतं.

आता माझ्या टेबलावर एक वेगळी फाइल आहे. अशी केस आली की मी आधी शेवटचं पान मागते, आणि ते येईपर्यंत फॉर्मला हात लावत नाही, विसावा दिवस उजाडला तरी. आणि एक प्रश्न नातेवाइकांना विचारते. पूजेचा नारळ कोणी आणला, असा नाही. पण साधारण तसाच.

पाऊण वाजता दाखला छापून आला. मुलीचं नाव अजून घातलेलं नव्हतं, बारसं पुढच्या रविवारी होतं. आई, वैशाली. वडील, प्रमोद. वैशालीने तो दोनदा वाचला आणि फोटो काढला, या वेळी अख्ख्या पानाचा. जादा प्रतींचे पैसे प्रमोदने खिडकीवर भरले. मी दिलेले चारशे त्याने परत करू पाहिले, मी घेतले नाहीत.

निघताना यमुनाबाईंनी कमरेची पिशवी उघडली आणि म्हणाल्या, पेन काही परत मिळायचं नाही. पाचवीचं पेन बाहेर देत नाहीत, ते नातीच्या पाळण्याला बांधलंय. आणि चूक तुमची नाही, उसन्या पेनानं लिहायला दिलं म्हणून सटवाईचा गोंधळ झाला, पैसे देऊन घ्यायला हवं होतं. त्या नाणी मोजायला लागल्या, तर हेमलताने त्यांचा हात धरला.

"आई, मी देते. मी बसलेले ना पूजेला."

तिने पदराची गाठ सोडली. आपल्या पोटात दुसऱ्याचं मूल वाढवण्याबद्दल तिला कोणी काही देऊ शकत नव्हतं, कायद्याने आणि तिच्या मनानेही. सगळ्या प्रकरणात तिच्या हातून पैसा गेला तो एवढाच. दहा रुपयांचं एक नाणं, मला, पेनाचे म्हणून.

मी ते घेतलं.